जांबोटीच्या वाटेवरचे गुरू

बेळगावाहून गोव्याकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. परंतु आमच्या आयुष्याची वाट म्हणाल तर ती एकच. पिरनवाडीच्या फाट्यावरून निघावे आणि किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाच्या माथ्यावर जाऊन पोहोचावे, अशी ती वाट. ह्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी मराठी खेडी वसली आहेत, त्यांच्या शाळांतून आमची बहुतेक सारी नोकरी झाली. बदलीचा हुकूम आला की ट्रंक आणि वळकटी बसच्या टपावर चढवून आम्ही ह्याच रस्त्यावर दोन-चार कोस पुढे किंवा मागे सरकत असू.

२०२४ सालच्या मे महिन्यात ह्या वाटेने जाण्याचा योग पुन्हा आला. आमच्या पहिल्या शाळेतील एका विद्यार्थ्याने जांबोटीपलीकडच्या आपल्या गावी नवे घर बांधले होते. वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला तो स्वतः बेळगावी आला आणि "गुरुजी आल्याबिगर पूजेला बसत न्हाई" अशी प्रेमळ धमकी देऊन गेला. सुट्टीचे दिवस होते. आम्ही पिशवीत एक धोतरजोडी घातली आणि सकाळची बस पकडली.

प्रवासवर्णनात देवळे, किल्ले, धबधबे ह्यांचे वर्णन यावे, असा संकेत आहे. ह्या वाटेवर त्यांचीही उणीव नाही. कणकुंबीस माउलीचे देऊळ आहे. तेथेच मलप्रभेचा उगम आहे. शेजारच्याच भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते. एकाच तालुक्यात जन्मलेल्या ह्या दोघी बहिणी. एक कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते, तर दुसरी गोव्यात उतरून मांडवी होते आणि पश्चिमेच्या. परंतु वाचकहो, बसच्या खिडकीशी बसून ही वाट पाहताना आम्हांला प्रथम आठवतात ते ह्यांपैकी कोणीच नव्हे. आम्हांला आठवतात किडे.

हसू नका. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. एकनाथमहाराजांनी त्याच स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका केली. त्या चोवीस गुरूंमध्ये पृथ्वी, आकाश, समुद्र अशी मोठी मंडळी आहेतच. पण दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, मधमाशी आहे, मध काढणारा मधुहा आहे आणि अळीला आपल्यासारखी करणारी भृंगीही आहे. एम. ए.च्या अभ्यासात आम्ही हा भाग वाचला, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले. ते गुरू प्रत्यक्ष भेटले मात्र पुढे, ह्या रस्त्यावर. आणि त्यांनी आम्हांला जे शिकवले ते परीक्षेच्या उत्तरात मुळीच नव्हते.

पहिला थांबा किणयेचा. रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत, करवंदीच्या जाळीआड, माणसाच्या कमरेएवढे एक वारूळ बसमधून दिसले आणि २००६ साल आठवले. त्या वर्षी आम्ही ह्याच बाजूच्या एका शाळेवर होतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. एक वयस्क शेतकरी दाखला मागायला आला. त्याला वृद्धापवेतनाचा अर्ज करावयाचा होता, त्यासाठी जन्मतारीख हवी होती, आणि त्या पिढीच्या माणसाची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टराखेरीज अन्य कोठे सापडणार? आम्ही मोठ्या रुबाबात लाकडी कपाट उघडले. रजिस्टर जागेवर होते. पुठ्ठा शाबूत, पाठीवरचे सालाचे आकडे शाबूत. उघडले, तो आत पाने नाहीतच! मातीची एक नाजूक जाळी आणि तिच्यातून सैरावैरा धावणारी पांढुरकी वाळवी. गावाच्या एका पिढीच्या जन्मतारखा सुट्टीच्या दोन महिन्यांत फस्त झाल्या होत्या.

म्हातारा क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मंजे गुरुजी, माझा जल्मच झाला न्हाई म्हणायचा." तो हसला म्हणून आम्हीही हसलो, पण ते हसू घशाखाली उतरेना. कपाट ओल्या भिंतीला टेकलेले होते. ते वीतभर पुढे ओढून ठेवावे, हे आमच्या दोन पावसाळे मनात होते, आणि दोन्ही पावसाळे ते मनातच राहिले. शेवटी डॉक्टरी दाखल्यावर त्याचे काम झाले. परंतु त्यात दोन वर्षे गेली. हाती पैसे पडण्याच्या वयातली दोन वर्षे.

गंमत अशी की ज्या गावात आम्ही वाळवीला शिव्याशाप देत होतो, त्याच गावचे दैवत वारूळ होते. गोव्यात आणि ह्या सीमाभागात सातेरीची पूजा वारुळाच्या रूपाने होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. आमच्या शाळेचा गुन्हेगार आणि देवीचे घर बांधणारा गवंडी एकच. त्या श्रावणात तोच म्हातारा पळसाच्या पानात बांधून अळंबी घेऊन आला. वारुळावर उगवलेली, पांढरीशुभ्र. गोव्यात वारुळाला रोंय म्हणतात आणि त्यावरच्या ह्या अळंब्यांसाठी लोक वाटेल ते दाम मोजतात. पुढे आम्ही वाचले तेव्हा कळले की वारुळे बांधणारी ही वाळवी चक्क शेतकरी आहे. लाकूडफाटा, गवत, कागद जे मिळेल ते खाऊन वारुळाच्या पोटात ती त्याचा वाफा रचते. त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाऊन जगते. पावसाळ्यात हीच बुरशी माती फोडून वर येते, ती आपली अळंबी. कोणास ठाऊक, त्या म्हाताऱ्याची जन्मतारीख अशीच कोठेतरी अळंबी होऊन उगवली असेल. भाजी चवदार होती. कपाट मात्र त्याच आठवड्यात भिंतीपासून वीतभर पुढे आले, आणि पुढे ज्या ज्या शाळेत गेलो तेथे पहिल्या दिवशी आम्ही प्रथम कपाट ओढले.

कुसमळीस मलप्रभेचा पूल ओलांडला, जांबोटीस चहा झाला, आणि दुपारच्या आत आम्ही मुक्कामी पोहोचलो. घर सुरेख होते. सिमेंटच्या भिंती, पुढे मंगळुरी कौलांची पडवी, दारावर आंब्याचे डहाळे. पूजा, आरती, पंगत झाली. पानसुपारी झाल्यावर यजमान आम्हांला घर दाखवीत हिंडू लागला. मागील खोलीच्या नव्याकोऱ्या खिडकीच्या चौकटीत, रंगही अजून वाळला नसेल अशा जागी, मातीचा एक इवलासा घट चिकटलेला दिसला. कुंभारीण! यजमानाची पत्नी केरसुणी घेऊन पुढे झाली, तोच तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. तिच्यावरनं मी एकदा गुरुजींना गप्प केलो होतो." आणि आमच्याकडे पाहून ओशाळे हसला.

ती गोष्ट १९९४ सालची. नोकरीला एकच वर्ष झाले होते. ज्ञानाची गुर्मी ताजी होती. वर्गात संतकवितेचा पाठ चालू होता. सद्गुरू शिष्याला आपल्यासारखे कसे करतो, हे समजावताना आम्ही भ्रमरकीटन्याय सांगितला. कुंभारीण अळीला पकडून आपल्या मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते. भयाने आणि ध्यासाने ती अळी अखंड तिचेच चिंतन करते आणि अखेर स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. वर्ग तल्लीन झाला. आम्हीही झालो.

दुसऱ्या दिवशी हा मुलगा, तेव्हा सहावीत होता, शाळेच्या तुळईवरचे तसले एक घर काडीने सोडवून, तळहातावर घेऊन आला. घर अर्धे फुटले होते. आत सात-आठ हिरव्या अळ्या दाटीवाटीने रचलेल्या. मेलेल्या नव्हेत, कारण काडी लावली की किंचित वळवळत. पण पळून जाण्याचे त्राण नसलेल्या. आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी, जाडशी, निराळीच अळी, एका हिरव्या अळीला तोंड लावून बसलेली. मुलगा शांतपणे म्हणाला, "गुरुजी, अळीची कुंभारीण व्हत न्हाई. अळीला खाऊन कुंभारीण व्हतीया."

आमचा चेहरा कसा झाला असेल, ह्याची वाचकांनीच कल्पना करावी. वास्तविक त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कुंभारीण अळीला नांगी मारते ती ठार करण्यासाठी नव्हे, तर लुळी करण्यासाठी. मेली तर सडेल, लुळी राहिली तर ताजी राहील. घराच्या छताला ती एका धाग्याने आपले अंडे टांगते, मग अळ्या भरते आणि दार लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पिलू ती शिदोरी खाते, कोश करते आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून बाहेर येते. अळी आत गेली आणि कुंभारीण बाहेर आली, एवढे आमच्या पूर्वजांनी पाहिले ते अचूकच होते; मध्ये बंद दाराआड काय झाले, तेवढे मात्र त्यांनी भक्तीने भरून काढले.

हे ज्ञान पुढचे. त्या दिवशी आम्ही काय केले? आम्ही त्या मुलाला "घर मोडू नये, पाप लागते" असे म्हणून जागेवर बसवले आणि पुढचा पाठ काढला. तो बसला. त्या बसण्यात आज्ञाधारकपणा होता, पण विश्वास नव्हता. आणि मुलाच्या डोळ्यांतला तो फरक शिक्षकाला दिसतोच. आठ दिवस आमचे शिकवण्यात लक्ष लागेना. नवव्या दिवशी फळ्यापाशी उभे राहून आम्ही वर्गाला सांगितले की दृष्टान्त हा दृष्टान्त असतो. संतांना जे सांगायचे होते ते गुरुशिष्यांविषयीचे, किड्याविषयीचे नव्हे. आणि किड्याविषयी जे खरे ते ह्या मुलाने पाहिले, आम्ही नुसते वाचले होते. "मी चुकलो" हे शब्द वर्गात उच्चारण्याची आमची ती पहिली वेळ. आकाश कोसळले नाही. उलट त्या दिवसानंतर मुले काय काय उचलून आणीत, ह्याला सीमा राहिली नाही. चार महिने आमच्या टेबलावर काड्यापेट्यांचा बाजार भरला होता.

संध्याकाळी यजमानाने अंगणातला मोठा दिवा लावला. पांढराशुभ्र, झगझगीत, परसातल्या फणसाच्या शेंड्यापर्यंत उजेड. त्याला त्याचा फार अभिमान होता, आणि असावाच. आम्ही ह्या गावी राहत होतो तेव्हा वीज होती ती तारांमध्ये. दिव्यांत क्वचितच येई. १९९५ सालच्या मेअखेरीस, वळवाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर, आम्ही जांबोटीहून कंदील घेऊन रात्री पायी येत होतो. ओढ्याच्या वळणावर वाऱ्याने कंदील विझला. काड्यापेटी दमट. डोळे अंधाराला सरावतात तो समोरचा हिरड्याचा वृक्ष एकदम पेटला आणि विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला. हजारो काजवे, पण एखाद्याने ताल धरावा तसे सारे एकदम. पाय जागीच खिळले. भीती वाटली असे लिहायला आज संकोच वाटतो, पण वाटली. मग भीती गेली, आणि कंदील विझला ह्याचे बरे वाटू लागले.

काजव्याचा उजेड ही त्याची बोली आहे. नर उडत किंवा पानावर बसून खूण करतो. मादी खाली गवतातून उत्तर देते. आणि प्रत्येक जातीच्या काजव्याची लय निराळी, म्हणून परक्याला ती लागू पडत नाही. त्याचे बहुतेक आयुष्य ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खाणारी अळी म्हणून जाते. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडे दिवस. त्यात जोडीदार भेटला तर भेटला. आपण अंगणात मोठा दिवा लावतो, तेव्हा त्या बोलण्यावर कोणीतरी नगारा वाजवावा तसे होते.

यजमानाला हे सांगावे की नाही, ह्याचा आम्ही बराच वेळ विचार केला. नव्या घराचा पहिला दिवा, आणि गुरुजी तो मालवायला सांगतात! शेवटी जेवणे झाल्यावर भीत भीत म्हटले, "पाच मिनिटे बंद करतोस का?" त्याने काहीही न विचारता बटण दाबले. अंधार पडला. मुले ओरडली, मग गप्प झाली. ओढ्याकडे, दूरच्या झाडीत, ठिणग्या दिसू लागल्या. १९९५ सालासारखे झाड पेटले नाही. दहा-वीस असतील, फार तर पन्नास. परंतु यजमानाची सात वर्षांची मुलगी आजीचा पदर धरून पायऱ्यांवर उभी होती, ती म्हणाली, "आजी, आपल्या हितं ह्ये असतंय व्हय?" पाच मिनिटांची पंधरा झाली. मग कोणालातरी पाण्याचा तांब्या सापडेना, म्हणून दिवा पुन्हा लागला.

आम्हांला झोप लवकर लागली नाही. त्याचे कारण काजवे नव्हेत. ह्या गावी येऊन शाळेमागच्या वडाकडे न जाता परतावे, असा विचार आम्ही बसमध्येच केला होता, आणि तो टिकणार नाही हेही ठाऊक होते. पहाटे उठलो आणि कोणाला न सांगता शाळेकडे निघालो.

त्या वडाच्या आडव्या फांदीला दरवर्षी दिवाळीनंतर आग्या मोहोळ बसे. घरात, ढोलीत पोळे करणाऱ्या सातेरी माश्या निराळ्या, त्या गरीब. आग्या माशी मोठी, तापट, आणि तिचे पोळे एकच, उघड्यावर लोंबणारे, अर्धचंद्राच्या आकाराचे. हे दोन हात लांब होते. पावसाच्या आधी माश्या उडून जात आणि पुढल्या हंगामात पुन्हा त्याच फांदीवर येत. मधल्या सुट्टीत आम्ही ते दुरून पाहत असू. एखादी गांधीलमाशी जवळून गेली की पोळ्यावरच्या माश्या एकीमागून एक पोट उचलीत आणि भातावरून वारा फिरावा तशी एक लाट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकून जाई. गांधीलमाशी वाट बदली. एकही नांगी न वापरता केवळ शिस्तीने शत्रूला परतवणारी ही सेना. आम्ही मुलांना कवायतीच्या वेळी तिचा दाखला देत असू.

१९९७ सालचा मार्च. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून शाळा आमच्याकडे होती. एका मुलाने पोळ्याला धोंडा मारला. तिघे जण सापडले. एकाचा चेहरा ओळखू येईना इतका सुजला. एका माशीने नांगी मारली की त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर इतर माश्या धावून येतात. आम्ही पोरांना घोंगडीत गुंडाळून आत नेले तेव्हा तो वास घोंगडीला येत होता. त्यांना जांबोटीच्या दवाखान्यात पोहोचवले. दुसऱ्या दिवशी तिघेही बरे होते. पण त्या संध्याकाळी पालक शाळेत जमले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही हो म्हणा."

आम्ही हो म्हटले. त्या वेळी तेच योग्य वाटले, असे लिहून मोकळे होता येईल. पण खरे सांगायचे तर आम्ही विचारच केला नाही. लोक रागावले होते, आम्ही भ्यालो होतो आणि होकार सोपा होता. रात्री चार माणसांनी लांब बांबूंना वाळल्या गवताच्या चुडी बांधल्या. माश्या जाळावर झेपावू लागल्या, आणि वडाखालच्या पाचोळ्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज बराच वेळ येत राहिला. मध निघाला. एक बाटली आमच्या खोलीवरही आली. आम्ही तो मध खाल्ला. गोड होता.

सकाळी अंगण झाडण्याची पाळी पाचवीच्या एका मुलीची होती. तिने सगळे झाडून एका टोपलीत भरले. टोपली भरली होती. वरच्या थरातल्या काही अजून पाय हलवीत होत्या. ती टोपली दोन्ही हातांनी धरून आमच्यासमोर आली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्या कुठं टाकू?"

तिच्या स्वरात राग नव्हता, दुःख नव्हते. केर कोठे टाकावा हे विचारावे तसे तिने विचारले. आम्ही म्हटले, "खड्ड्यात टाक." ती गेली. पुढे ती लग्न होऊन साखळीकडे नांदावयास गेली. तिला ते आठवत असेल की नाही, देव जाणे. आम्हांला एवढेच ठाऊक आहे की तेव्हापासून कोणतीही गोष्ट मोडून काढण्याचा कागद आमच्यासमोर आला, की तो प्रश्न आधी ऐकू येतो.

वडाखाली पोहोचलो तेव्हा उजाडले होते. पारावर एक वृद्ध गृहस्थ काठी घेऊन बसले होते. जवळ जाऊन पाहतो तो चूड धरणाऱ्या चौघांपैकी एक. आम्हांला ओळखून म्हणाले, "गुरुजी, बसा की." बसलो. आम्ही वरच्या फांदीकडे पाहतो आहोत, हे त्यांनी पाहिले.

"हितं न्हाईत आता," ते म्हणाले. "त्या सालानंतर ह्या वडावर परत बसल्याच न्हाईत. धा-बारा वर्सं गावातच आल्या न्हाईत. मग एकदा आल्या, त्या पलीकडं सावरीवर बसल्या. तितंच बसत्यात."

"आणि लोक?"

"लोक काय करत्यात? आता कोण चूड लावत न्हाई. मीच लावू देत न्हाई." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "त्या वक्ताला पोरं सुजली होती, गुरुजी. आपलं चुकलं म्हणता येईना, आन् बराबर होतं असंबी म्हणता येईना."

आम्ही म्हटले, "आबा, २०२३ साली आमच्या आताच्या शाळेत मोहोळ बसले." आणि त्यांना ती हकीकत सांगितली. शहराच्या वेशीवरची शाळा, दुमजली इमारत. जानेवारीत वरच्या छज्जाखाली आग्या माश्यांनी पोळे धरले. शाळा सुधारणा समितीची बैठक झाली. "मुलाला काही झाले तर जबाबदार कोण?" असा रोकडा प्रश्न एका पालकाने विचारला, आणि त्याचे काही चुकले नव्हते. आम्ही त्याला वडाखालची टोपली कशी दाखवणार? आम्ही इतिवृत्तात आपल्या हाताने लिहिले की पोळे हलवू नये, त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, प्रार्थना पूर्वेच्या अंगणात घ्यावी, आणि जबाबदारी मुख्याध्यापकांची. खाली सही केली. त्यानंतर वार्षिक परीक्षा संपेपर्यंत आम्ही एकही रात्र निर्धास्त झोपलो नाही. रोज शाळा सुटेपर्यंत त्या कोपऱ्यावर आम्ही स्वतः उभे राहत असू. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या मुलांना पोळ्याची ती लाट दुरून दाखवली. ज्याने लाट पाहिली त्याने धोंडा उचलला नाही. नांगी एकच बसली, ती आमच्या कानाला. मेअखेरीस शाळा उघडली तेव्हा पोळे रिकामे होते. सुकलेल्या पानासारखे ते छज्जाला लोंबत होते.

"काय झालं न्हाई म्हणून बरं झालं," आबा म्हणाले.

"होय," आम्ही म्हटले. "नाहीतर हीच गोष्ट आम्ही निराळी सांगितली असती."

ते बरोबर समजले. मान हलवून म्हणाले, "च्या घेऊन जावा."

चहाआधी आम्ही सावरीपर्यंत गेलो. उंच, पांढुरक्या खोडाचे झाड. माथ्याला तीन पोळी. पावसाची चाहूल लागली होती. आणखी काही दिवसांत ती जाणार. एक लाट सरकताना दिसली. मोहोळाखाली रोज सकाळी काही म्हाताऱ्या माश्या मरून पडलेल्या असतात. कामकरी माशीचे आयुष्य ते किती! तशा पाच-सहा खाली गवतात पडल्या होत्या. एक आम्ही उचलून तळहातावर घेतली. पंख अजून चकाकत होते. कोठे ठेवावी हे क्षणभर सुचेना. मग जेथून उचलली होती तेथेच, मुळाशी, ठेवली.

आबांकडचा चहा होतो न होतो तोच रस्त्यावर बसचा भोंगा वाजला, आणि पिशवी घेऊन आम्ही निघालो.